‘म्बुटींना स्वतःची भाषाच नाही’ हे खरं नाही

‘इतुरीच्या जंगलातल्या म्बुटी लोकांना स्वतःची भाषा नाही. शेजारच्या शेतकऱ्यांची भाषा ते मोडकीतोडकी बोलतात, आपसात हाकांवर आणि शिट्ट्यांवर भागवतात. मूळ पिग्मी भाषेचे फक्त 20 टक्के शब्द उरलेत.’ असा मजकूर हल्ली बराच फिरतो. (पिग्मी म्हणजे मध्य आफ्रिकेतले ठेंगण्या बांध्याचे जंगलवासी समाज; म्बुटी त्यांपैकीच.) त्यातला एकही मुद्दा टिकत नाही.

पहिला मुद्दा स्वतःच्या भाषेचा. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ईशान्येला, इतुरीच्या जंगलात राहणारे म्बुटी एकच भाषा बोलत नाहीत. उत्तरेला आणि पूर्वेला धनुष्यबाणाने शिकार करणारे एफे आहेत. त्यांची भाषा शेजारच्या लेसे शेतकऱ्यांच्या भाषेला अगदी जवळची, मध्य सुदानी या भाषागटातली. दक्षिणेकडचे सुआ जाळी लावून शिकार करतात आणि बिरा शेतकऱ्यांच्या भाषेजवळची, बांटू या वेगळ्या गटातली भाषा बोलतात. या दोन भाषांमध्ये मराठी आणि गोंडीइतकं अंतर आहे. तिसरे आसुआ, पश्चिमेकडचे. त्यांची भाषा मांगबेतू या शेजारच्या समाजाच्या भाषेच्या नात्यातली असली तरी ती कुठल्याच शेतकरी समाजाची बोली नाही, ती त्यांचीच आहे. दावा इथेच कोसळतो.

एफे आणि लेसे या दोन भाषा मानायच्या की एकाच भाषेच्या दोन बोली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ‘मोडकीतोडकी’ हा शब्द कुठेच बसत नाही. एफेत स्वराच्या चढउतारावर अर्थ ठरतो, ‘क्प’, ‘ग्ब’ असे ओठ आणि जिभेची मागची बाजू एकदम वापरून काढायचे ध्वनी आहेत, आणि मुलं जन्मापासून तीच ऐकत वाढतात. पूर्वी कधीतरी भाषा बदलली असेलही. पिढ्यान्‌पिढ्या घरात बोलली जाणारी भाषा म्हणून परकी ठरत नाही.

मग हा समज येतो कुठून? बहुतेकदा नोंद घेण्याच्या पद्धतीतून. पाहुणा रस्त्याकाठच्या वस्तीवर काँगोच्या स्वाहिलीत प्रश्न विचारतो. ती म्बुटींची दुसरी किंवा तिसरी भाषा, त्यामुळे उत्तरं तुटक येतात. त्यात दुभाषा म्हणून शेतकरी गावकरीच बसलेला असला, तर म्बुटी माणूस त्याच्या उच्चाराशी जुळवून घेतो आणि दोन बोलींतला फरक कागदावर उतरतच नाही. नीट काम करायचं तर गावकऱ्याला बाजूला ठेवून शे-दोनशे मूलभूत शब्दांची यादी घ्यावी, प्रत्येक शब्द दोन-तीनदा ध्वनिमुद्रित करावा आणि बोलणाऱ्याला त्याचा चढउतार शिट्टीने वाजवून दाखवायला सांगावं. झाडं, मध, प्राणी यांची नावं जंगलात ती वस्तू समोर ठेवूनच विचारावीत. गावात बसून विचारलं की सरसकट गावातलीच नावं मिळतात.

शिट्ट्यांचा मुद्दा गाण्यांवरून आला असावा. म्बुटींच्या अनेक सुरांच्या समूहगायनात शब्दांविना लांबवलेले स्वर असतात. ते गाणं आहे, संभाषण नव्हे.

राहिला 20 टक्क्यांचा आकडा. तो म्बुटींचा नाहीच. आफ्रिकेत आणखी पश्चिमेकडच्या अका (बांटू गट) आणि बाका (उबांगी हा वेगळा गट) या दोन पिग्मी समाजांच्या भाषांत साधारण तेवढे शब्द सामाईक आढळले, तेही मुख्यतः जंगल, मध, शिकार यांचे. हे लोक इतुरीपासून हजार किलोमीटरहून दूर, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि कॅमेरूनच्या बाजूला राहतात. गोंधळ वाढतो तो नावामुळे: इतुरीतल्या आसुआंनाही काही लिखाणात ‘अका’च म्हटलंय. म्हणून हा आकडा कुठे दिसला तर आधी जंगल कोणतं ते पाहावं, इतुरीचं की अका-बाकांकडचं, सांघा नदीच्या बाजूचं.