‘फिट आली तर शिरेतून इंजेक्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या माहेरच्या, सासरच्या, बचत गटाच्या, सगळ्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘फिटीच्या पेशंटला दवाखान्यात शिरेतून इंजेक्शन देऊ देऊ नका.’ खाली कारणं: त्याने हृदय बंद पडतं, मेंदू सुन्न होतो, म्हणून पेशंट नंतर तासन्‌तास झोपून राहतो, परदेशातल्या अभ्यासात ते निम्म्या लोकांवर फेल गेलं, एकदा घेतलं की जन्मभर सवय लागते, आणि हा सगळा दवाखान्यांचा धंदा आहे. मग उपाय: फिट आपोआप थांबते, अर्धा तास वाट पाहा, कांदा हुंगवा, हातात लोखंड द्या, गोळीची पूड पाण्यात कालवून तोंडात सोडा.

असल्या मेसेजच्या नादी मी एरवी लागत नाही. पण माझ्या नणंदेची सून केज तालुक्यात राहते. तिच्या सहा वर्षांच्या लेकराला फिटी येतात, औषध चालू आहे. परवा तिचा फोन आला, “मामी, पुढच्या वेळेला नेलं तर सुई नको म्हणून लिहून देऊ का?” ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माझी नोकरी कॅज्युअल्टीत आणि आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून गेली. ही इंजेक्शनं मी स्वतः भरली आहेत, दिली आहेत, देताना मॉनिटरसमोर उभी राहिले आहे. म्हणून हे लिहिते.

सगळ्यात घातक आहे तो ‘अर्धा तास वाट पाहा’ हा सल्ला. बहुतेक फिटी दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, हे खरं आहे. तेवढं अर्धसत्य घेऊन पुढचं सगळं खोटं रचलंय. पूर्ण अंगाला झटके येणारी फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, की ती आपली आपण थांबायची शक्यता कमी होत जाते, म्हणून तिथून पुढे ती इमर्जन्सी धरायची. मिरगीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2015 साली या वेळा ठरवून दिल्या: पाच मिनिटांना उपचार सुरू झालेले हवेत, आणि तीस मिनिटांपुढे मेंदूला कायमची इजा व्हायचा धोका. म्हणजे ज्या अर्ध्या तासाच्या आत फिट थांबायलाच हवी, नेमका तो अर्धा तास हा मेसेज घरात बसून घालवायला सांगतो. त्यात आपल्याकडची अंतरं धरा. केजवरून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, मध्ये उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, तर रस्त्यातच किती वेळ जाईल ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. हा वेळ त्या अर्ध्या तासात मोजणार की वेगळा?

आणि ती गोळीची पूड! फिट चालू असताना माणसाला गिळता येत नाही. जबडा आवळलेला, तोंडात लाळ, कधी रक्त, श्वास घुरघुरतोय. अशा वेळी पाणी आणि पूड ओतली की ती पोटात जाण्याऐवजी श्वासनलिकेत उतरते. अशी लेकरं मी पाहिली आहेत. फिट थांबलेली असते, पण छातीत पाणी आणि पूड गेल्याने ऑक्सिजन लावावा लागतो, पुढे न्यूमोनिया होतो. घरच्यांनी प्रेमानेच पाजलेलं असतं, त्यामुळे त्यांना काय बोलावं तेही सुचत नाही. औषध शिरेतून द्यायचं कारण हेच आहे: तोंड बंद आहे, पोटातून रक्तात उतरायला वेळ लागतो, आणि वेळच नाहीये. कांदा, चप्पल, किल्ली यांनी फिट थांबत नाही. थांबायची ती थांबते आणि नाव कांद्याचं होतं. दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. एका कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, आणि फोनवर वेळ लावा. पाच मिनिटं झाली की 108. पहिलीच फिट असेल, एक थांबून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, बाई गरोदर असेल किंवा डोक्याला मार असेल, तर पाच मिनिटांचीही वाट पाहू नका.

आता ‘हृदय बंद पडतं’. यात थोडं तथ्य आहे, आणि ते लपवून उपयोग नाही. फेनिटॉइन नावाचं फिटीचं जुनं औषध आहे. ते शिरेतून घाईने ढकललं तर बीपी कोसळू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर चौकटीतला इशाराच छापायला लावलाय. पण त्या इशाऱ्यात वेग लिहिलेला आहे, हे मेसेजवाल्याने गाळलं. मोठ्या माणसाला मिनिटाला 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, लहान मुलांना त्याहून हळू, वजनाच्या हिशोबाने.

नणंदेच्या नातवाचंच उदाहरण घेते. वजन वीस किलो धरा. किलोला 20 मिलिग्रॅमप्रमाणे 400 मिलिग्रॅम झाले, म्हणजे दोन मिलीच्या चार अँप्युल. किलोला मिनिटाला एक मिलिग्रॅम या वेगाने ते जायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं सिस्टरने पंपाजवळ उभं राहायचं, मॉनिटरवर ठोके पाहायचे, मधून मधून बीपी घ्यायचा, खाली आला तर वेग कमी करायचा किंवा थांबवायचं. हे औषध नॉर्मल सलाईनमध्येच मिसळायचं. साखरेच्या सलाईनमध्ये टाकलं तर डोळ्यांसमोर बाटली दुधात लिंबू पिळल्यासारखी फाटते, पांढरे कण तरंगतात. ते शिरेत सोडायचं नाही. औषध तीव्र क्षारयुक्त असतं, म्हणून सुई शिरेबाहेर गेली तर हात सुजतो, जांभळा पडतो, कातडीला जखम होऊ शकते. लेकरू हात ओढत असेल, आग होते म्हणून रडत असेल, तर लगेच सिस्टरला सांगा, गप्प बसू नका. स्नायूत तर हे औषध द्यायचंच नाही. धोका आहे तो निष्काळजीपणाने देण्यात, आणि निष्काळजीपणा ओळखायला नातेवाईकही शिकू शकतात. इंजेक्शनच नाकारून तो धोका टळत नाही, उलट फिटीचा त्याहून मोठा धोका तसाच राहतो.

हे मी नुसतं माझ्या अनुभवावर बोलत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत एक अभ्यास झाला, 2001 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. पाच मिनिटांपुढे गेलेल्या फिटीच्या 205 मोठ्या माणसांना अँब्युलन्समध्येच शिरेतून फिट थांबवायला सगळ्यात आधी देतात त्या औषधांपैकी कुणाला लोराझेपाम, कुणाला डायझेपाम, तर कुणाला नुसतं औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत फिट थांबलेले किती? लोराझेपामवाल्यांत 59 टक्के, डायझेपामवाल्यांत 43, आणि औषधाविना 21. ‘आपोआप थांबते’ म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. आणि श्वास किंवा रक्तदाब बिघडण्याची गुंतागुंत? औषध मिळालेल्या दोन्ही गटांत दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास, औषध न मिळालेल्यांत 22 टक्क्यांहून जास्त. रुग्ण थोडे होते, म्हणून या दुसऱ्या फरकावर पैज लावायची नाही. पण इंजेक्शनने श्वास आणि हृदय बिघडतं आणि न घेतल्याने माणूस सुखरूप राहतो, असं म्हणायला यात काडीचाही आधार नाही. लोराझेपाम किंवा डायझेपामने श्वास मंदावू शकतो, हेही खरं. म्हणून शेजारी ऑक्सिजन आणि श्वास देण्याची पिशवी ठेवतात. पण लांबलेली फिट स्वतःच श्वास अडवते, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

‘निम्म्या लोकांवर फेल’ हा मुद्दा वाचून मात्र मला खरा राग आला, कारण इथे कुणीतरी खऱ्या अभ्यासाचं अर्धंच वाक्य उचललंय. तो अभ्यास 2019 चा. लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन (फेनिटॉइनचंच सुधारलेलं रूप) आणि व्हॅल्प्रोएट ही तीन औषधं शिरेतून दहा मिनिटांत देऊन पाहिली, 384 रुग्णांवर, दोन वर्षांच्या मुलांपासून पुढे. यश मिळालं अनुक्रमे 47, 45 आणि 46 टक्क्यांत. पण हे रुग्ण कोण होते? लोराझेपाम-डायझेपामसारखं पहिलं इंजेक्शन देऊनही ज्यांची फिट हटली नव्हती ते, म्हणजे मुळातच अवघड झालेले. आणि यश कशाला म्हटलं? तासाभराने फिट थांबलेली हवी, शुद्ध सुधारत असायला हवी, आणि मध्ये फिटीचं दुसरं औषध लागलेलं नको. एवढ्या कडक कसोटीवर, आधीच बिकट झालेल्या रुग्णांत, जवळपास प्रत्येक दुसरा माणूस सावरला. त्या अभ्यासातून निघालं ते एवढंच, की तिन्ही औषधं सारखीच चालतात, त्यामुळे डॉक्टर पेशंट पाहून निवडू शकतात. हृदयाचा त्रास असेल तर फेनिटॉइन टाळतात. गरोदर बाई किंवा वयात आलेल्या मुलीला व्हॅल्प्रोएट शक्यतो नको, लिव्हरचं दुखणं असेल तरी नको. किडनी कमजोर असेल तर लेव्हेटिरासिटामचा डोस कमी करावा लागतो; नाहीतर ते त्यातल्या त्यात सोपं औषध, हृदयाला कमी त्रास देणारं, साखरेच्या सलाईनमध्येही चालणारं. एकदम ढकलायचं नाही, पातळ करून दहा-पंधरा मिनिटांत सोडायचं. नंतर झोप येते, काही मुलं दोन-चार दिवस चिडचिडी होतात, हे आईबापांना आधी सांगायला हवं आणि पुष्कळ ठिकाणी कुणी सांगत नाही.

बाळंतपणातली आकडी वेगळी. तिथे मॅग्नेशियम सल्फेट लागतं, आणि ते डायझेपाम-फेनिटॉइनपेक्षा सरस आहे हे 1995 च्या मोठ्या अभ्यासात ठरलं, ज्यात भारतातल्या बायकाही होत्या. हा मेसेज वाचून कुणी गरोदर लेकीची सुई अडवली तर दोन जीव जातील.

मेंदू सुन्न होतो म्हणून पेशंट झोपतो, हा मुद्दा लवकर संपवते. मोठी फिट येऊन गेल्यावर माणूस इंजेक्शनाशिवायही तासन्‌तास झोपतो. औषधाचीही गुंगी असते. पण झोपलेलं लेकरू हलवल्यावर हालचाल करतं, हळूहळू ओळखू लागतं. तसं होत नसेल तर डॉक्टर पुन्हा तपासतात, कारण आतल्या आत फिट चालूच असू शकते.

सवय लागत नाही. त्या वेळेपुरतं शिरेतून दिलं, की तोंडाने घेता येऊ लागल्यावर गोळ्यांवर आणतात. गोळ्या दीर्घकाळ चालतात त्या आजारामुळे. उलट, गोळ्या अचानक बंद केल्या की लांबलेली फिट येते. दसऱ्यानंतर कोयता घेऊन फडावर गेलेल्या कुटुंबांत हे दरवर्षी घडतं. गोळ्या संपतात, तिकडे कुठे मिळतील ते माहीत नसतं, आणि मग रात्री फिटी थांबतच नाहीत. निघतानाच दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत घ्या.

धंद्याबद्दल एवढंच: जास्तीचं बिल लावणारे असतात, त्यांच्याशी भांडा. फेनिटॉइन, डायझेपाम, लोराझेपाम ही जुनी, स्वस्त औषधं आहेत.

नणंदेच्या सुनेला मी फोनवर एक कागद लिहून घ्यायला लावला आणि तो लेकराच्या फाईलला टाचून ठेवायला सांगितला. त्यावर लेकराचं ताजं वजन, कारण डोस त्याच्यावर ठरतो. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, शेवटची कधी दिली. कोणत्या औषधाने पुरळ आलं होतं. याआधी कोणत्या इंजेक्शनने फिट थांबली. फिट किती वाजता सुरू झाली, ते तिथल्या तिथे लिहायला खाली जागा. दवाखान्यात विचारायचे दोन प्रश्नही त्यावर आहेत: औषध कोणतं आणि किती मिनिटांत जाणार, आणि मॉनिटर लावलाय का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आणि पुढच्या तपासणीला नाकात मारायच्या, फिट थांबवणाऱ्या मिडाझोलामच्या स्प्रेबद्दल विचारायला सांगितलंय. तो भारतात मिळतो, डॉक्टरांनी लिहून द्यावा लागतो, डोस तेच ठरवतात, आणि गाडी येईपर्यंत घरात देता येतो.