सावळ्या नवरीला पांढरं करणं बंद करा, आधी लाइट लावायला शिका

“ताई, स्किन डार्क आहे ना, त्यामुळे असंच येतं.” फोटोग्राफरकडून हे ऐकलं की डोकं फिरतं माझं. चुलत बहिणीचा लग्नाचा अल्बम आलाय. ती सावळी आहे, चांगली गडद सावळी, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही, पण अल्बममधली बाई कोण आहे हे मला खरंच ओळखता येईना. तोंड पांढरंफटक, मान वेगळ्या रंगाची, मेंदीचे हात मात्र तिच्या खऱ्या रंगाचे, आणि शालूचा हिरवा रंग पण पार उडालेला कारण चेहरा उजळ करायच्या नादात अख्खा फोटोच वर खेचलाय. आणि जिथे एडिट करायचा कंटाळा केला तिथे उलटं, मंगलाष्टकांच्या फोटोत अंतरपाटामागे नुसते डोळे आणि मुंडावळ्या दिसतायत, चेहऱ्याच्या जागी काळोख. आणि हे का झालं असं त्या फोटोग्राफरला विचारलं तर म्हणे तिची स्किन तशी आहे.

अरे तिची स्किन जन्मापासून तशीच आहे, लग्नाच्या दिवशी बदलली नव्हती ना? तू पाहिलं होतंस ना तिला, प्री-वेडिंग पण तूच केलंस ना?

मी स्वतः पोर्ट्रेट शूट करते म्हणून तर जास्त संताप होतो, कारण यात अवघड असं काहीही नाहीये. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला चेहरा कुणाचा, रंग कुठला हे कळत नाही, तो समोरचं सगळं सरासरी १८ टक्के राखाडी, म्हणजे ना गडद ना उजळ असं मधलं, आहे असं धरून चालतो. मागे पांढऱ्या फुलांचं डेकोरेशन, एलईडीचा झगमगाट, शेजारी क्रीम शेरवानीतला नवरदेव, एवढं सगळं उजळ दिसलं की मीटरला वाटतं उजेड जास्त झाला, तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, खाली आणतो आणि त्यात सगळ्यात आधी बुडतो तो सावळा चेहरा. क्लोजअप घेतला, चेहरा फ्रेमभर आला, की नेमकं उलटं होतं, मीटर त्याला राखाडीपर्यंत उचलतो आणि स्किनचा सगळा तांबूसपणा धुऊन निघतो. म्हणून ऑटोवर टाकून मोकळं व्हायचं नसतं, चेहऱ्यावर स्पॉट मीटर करायचं, म्हणजे फक्त चेहऱ्यावरचाच उजेड मोजायचा, एक्स्पोजर स्वतः ठरवायचं आणि मॅन्युअलला लॉक करायचं. पहिल्या महिन्यात शिकवतात हे कुठल्याही क्लासला!

आणि तो कॅमेऱ्यावरचा फ्लॅश, समोरून थेट थोबाडावर! गडद स्किन प्रकाश कमी परत फेकते पण वरची चमक तर तेवढीच येते ना, मग थेट फ्लॅश मारला की कपाळावर, नाकावर पांढरे चट्टे येणार आणि बाकीचा चेहरा सपाट होणार, दुसरं काय होणार. खरं तर हीच चमक नीट वापरली तर सावळा चेहरा काय सुंदर दिसतो, गालाचं हाड, जबड्याची रेघ, कपाळाचा उतार, सगळं त्या चमकेच्या कडेनेच घडत जातं. त्यासाठी लाइट मोठा हवा, मऊ हवा आणि जरा बाजूने यायला हवा. सॉफ्टबॉक्स नाही? छत्री लाव. छत्री नाही? खिडकीजवळ उभं कर. खिडकी नाही? थर्माकोलची शीट दे एका पोराच्या हातात, स्टेशनरीच्या दुकानात मिळते, तिच्यावर फ्लॅश मारून तो उजेड चेहऱ्यावर घे. छतावर फ्लॅश मारून उजेड बाउन्स करायचा असेल तर आधी मान वर करून बघ तरी, गुलाबी कापडाचा मंडप असेल तर गुलाबीच उजेड खाली येणार. मागून एक छोटा लाइट केसांवर आणि खांद्यावर दे म्हणजे काळे केस मागच्या अंधारात मिसळून जाणार नाहीत. बास, एवढंच आहे, यात कुठला लाखाचा कॅमेरा लागतो?

हे काहीच करायचं नाही आणि मग रात्री कॉम्प्युटरवर बसून सावल्या वर खेचायच्या. अंधारात माहितीच रेकॉर्ड झालेली नाही तर खेचून काय येणार, दाणे येणार, रंगाचे डाग येणार, स्किन राखेसारखी होणार. आणि ती राख झाकायला वरून स्मूथचा ब्रश आणि फेअरनेस. बरं म्हटलं रॉ फाइल्स द्या, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी कच्ची माहिती, आम्ही दुसरीकडे करून घेतो, तर म्हणे जेपेगवरच काढलेत सगळे, म्हणजे बरीच माहिती कॅमेऱ्यानेच टाकून दिलेल्या छोट्या फाइल्स. लग्नाचे फोटो, जेपेगवर!

काही जण लगेच म्हणतील की कॅमेराच तसा बनलाय. हो, फिल्म तशी बनली होती, मला माहितीये. कोडॅक लॅबना रंग जुळवायला कार्ड पाठवायची, त्यावर गोरी बाई असायची, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला, म्हणजे तिचा रंग बरोबर आला की फोटो बरोबर, बाकीच्या जगाचं काहीही होवो. पुढे गडद रंग नीट यावेत म्हणून फिल्म सुधारली त्यात चॉकलेटवाल्या आणि लाकडी फर्निचरवाल्या कंपन्यांच्या तक्रारींचा मोठा हात होता. माणसांच्या चेहऱ्यांसाठी नाही, चॉकलेटच्या जाहिरातीसाठी! हे वाचलं तेव्हा पण असाच राग आला होता. पण ती गोष्ट जुनी झाली राव. २०२१ मधे गुगलने पिक्सेल ६ आणला तेव्हा गडद स्किन खरी दिसावी म्हणून मुद्दाम त्यावर काम केलं होतं, म्हणजे फोनवाले सुद्धा सुधारायला लागलेत. आणि ती जुनी फिल्म होती तेव्हाच, सत्तरच्या दशकात, कॅमेरामन गोविंद निहलानींनी श्याम बेनेगलांच्या सिनेमात स्मिता पाटील कशी दाखवलीये बघा. सावळीच दिसते, आणि नजर हटत नाही तिच्यावरून. त्यांच्याकडे मागे स्क्रीन नव्हता फोटो तपासायला.

मग येतं शेवटचं उत्तर, “क्लायंटलाच गोरं पाहिजे असतं.” कोण क्लायंट? नवरीला विचारलंस का? पैसे देणारा काका म्हणाला, सासूबाई म्हणाल्या, आणि तिला न विचारताच तिचा रंग बदलला. मेकअपवाली आधीच दोन शेड वरचं फाउंडेशन थापून गेलेली असते, त्यावर हे. स्थळासाठी बायोडेटाचा फोटो काढायला जा, न सांगता उजळ करून देतात, मग बघायला आलेली माणसं दारातच तिच्याकडे आणि हातातल्या फोटोकडे आळीपाळीने बघतात, तो अपमान तिने का सोसायचा? माझ्या भाचीच्या शाळेच्या आयकार्डवर सुद्धा तेच केलंय. दुसरीतली पोरगी आहे हो ती! ते कार्ड गळ्यात घालून ती रोज शाळेत जाते आणि तिला रोज हेच कळतं की तुझा खरा चेहरा लावण्यासारखा नाही. फेअर अँड लव्हलीने २०२० मधे नावातला फेअर काढला पण या स्टुडिओवाल्यांच्या डोक्यातला अजून निघत नाही.

आणि आपण पण गप्प बसतो, “जाऊ दे, छान आलेत” म्हणतो, पूर्ण पैसे देतो. नका देऊ. बुकिंग करताना ते दाखवतात ते अल्बम बघत बसू नका, त्यात सगळ्या गोऱ्याच नवऱ्या असतात. सरळ विचारा, सावळ्या नवरीचे रात्रीच्या रिसेप्शनचे फोटो दाखवा, एडिट न केलेले, आणि चेहऱ्याचा रंग बदलणार नाही आणि रॉ फाइल्स देणार हे बिलावर लिहून द्या. टाळाटाळ केली तर ॲडव्हान्स देऊ नका आणि उठून दुसऱ्याकडे जा.