ब्रिग्जच्या खानदेशाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

स.न.वि.वि.

आपला आक्षेप असा, की १८१८ नंतर ईस्ट इंडिया कंपनीतर्फे खानदेशचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जने खानदेश सावरला असे लिहून मी तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर रक्त सांडून आलेल्या राजवटीला प्रशस्तिपत्र दिले. शांतता तर पुढे आउटराम या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या भिल्ल पलटणीने आणली, असेही आपण म्हणता. आपण शिरपूरकडचे, तेव्हा थाळनेर आधी आठवणे साहजिकच आहे.

परंतु थाळनेरचे खापर ब्रिग्जच्या माथी फोडता येणार नाही. मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडल्यावर, फेब्रुवारी १८१८ मध्ये, किल्ला ताब्यात घ्यायला आला तो कंपनीच्या फौजेचा सेनापती सर टॉमस हिस्लॉप. दरवाजातल्या झटापटीत गोरे अधिकारी पडले, म्हणून त्याने आतल्या शिबंदीची कत्तल करवली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिले. त्याबद्दल विलायतेतही त्याच्यावर टीका झाली. कारभार ब्रिग्जकडे आला तो त्यानंतर.

त्याच्या वाट्याला आलेला मुलूख १८०३ च्या लुटालुटीने आणि दुष्काळाने ओस पडलेला होता, मालेगावच्या किल्ल्यात भाडोत्री अरब शिपाई जून १८१८ पर्यंत ठाण मांडून होते, आणि सातमाळा व सातपुड्यातले भिल्ल नाईक कुणाचाच अंमल मानत नव्हते. ब्रिग्जने आधी डोंगरात जाणारे धान्य अडवले, तुकड्या पाठवल्या; मग जे नाईक खाली उतरले त्यांना सरकारी खजिन्यातून नेमणुका, म्हणजे ठरावीक तनखे, बांधून दिल्या. पांझरेकाठी धुळ्याला ठाणे करून व्यापाऱ्यांना वसवले तेही त्यानेच. उपासमार आणि नेमणूक या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच धोरणातल्या आहेत. ‘सावरला’ म्हणताना मी त्यातली पहिली झाकलेली नाही.

एवढ्याने उठाव थांबले नाहीत, हे आपले म्हणणे मान्य. पण १८२५ मध्ये धरणगावला आउटरामने पलटण उभी केली, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरपदी ब्रिग्जला इथे नेमणारा एल्फिन्स्टनच होता आणि तत्त्वही जुनेच होते: लुटणाऱ्यालाच पगार देऊन राखणदार करायचे. आउटराम धाडसी होता, एवढे श्रेय त्याचे.

माझा मुद्दा याहून वेगळा आहे. घाटातली रखवाली आणि वाटसरूंकडून मिळणारे पैसे हा नाईकांचा पिढीजात हक्क होता. तो खजिन्याच्या वहीत चढला आणि साहेबाच्या मर्जीवर आला. उदाहरणार्थ, सातपुड्यातल्या सेंधवा घाटाच्या रखवालीवरच्या खाज्या नाईकाला कंपनीने एका गुन्ह्यात कैद देऊन नोकरीवरून दूर केले. १८५७ मध्ये तो उलटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला त्याच्या भिल्लांची कंपनीच्या फौजेशी लढाई झाली.