परदेशातून : वाड्याचं वय नक्की किती?

पेठेतला एखादा वाडा उतरवायला घेतला की पुण्यात दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘वारसा पाडताय.’ दुसरं, ‘मग तुम्हीच राहून दाखवा, गळकं छप्पर आणि सामाईक संडास घेऊन.’ दोन्ही खरी आहेत. पण वाडा कोणत्या साली बांधला, माडी कधी चढली, मागची भिंत मूळची की १९६१च्या पानशेत पुरानंतरची, असं विचारलं की दोन्ही बाजू गप्प होतात. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात राहून हीच गोष्ट जास्त खुपते.

इथे ‘बंगलो हेवन’ नावाची वस्ती आहे. बहुतेक घरं १९०० ते १९३०च्या दरम्यानची, ‘क्राफ्ट्समन’ पद्धतीची: लाकडी सांगाडा, दूरवर आलेली वळचण, तिच्याखाली उघडे वासे, पुढे ऐसपैस ओसरी. मूळ शब्द आपल्याकडचाच, बंगाली धाटणीचं घर तो बंगला. १९८९ साली शहराने ही वस्ती संरक्षित ठरवली. इथलं घर काही राजवाडा नाही, मध्यमवर्गीय कुटुंबाचं आहे. तरीही त्याचा इतिहास कागदावर उभा करता येतो, आणि त्याची रीत ठरलेली आहे.

सुरुवात बांधकाम परवान्यापासून. त्यावर मालक, ठेकेदार आणि अंदाजे खर्च असतो. करखात्याच्या नोंदीतल्या ‘बांधकाम वर्षा’वर एकट्यावर विसंबू नये, ते पुष्कळदा अंदाजाने टाकलेलं असतं. मग सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे पाहायचे. त्यांत लाकडी घर पिवळं, विटांचं गुलाबी, मजले आकड्यात. इथे हमखास फसायला होतं, कारण कंपनी नवा नकाशा छापण्याऐवजी जुन्यावरच दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवायची. पानावर जुनं साल आणि घर मात्र नंतरचं, असं होतं. दुसरी अडचण घरक्रमांकांची. ते मध्येच बदललेले असतात, म्हणून पत्ता जुळला तरी घर तेच असेल असं नाही. शेजारची दोन-तीन घरंही ताडून पाहावी लागतात. राहणारे कोण, हे शहराच्या डिरेक्टरीत, म्हणजे रहिवाशांच्या नाव-पत्त्यांच्या पुस्तकात, आणि जनगणनेत सापडतं. जनगणनेची कुटुंबनिहाय पानं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५०ची २०२२ साली झाली. १९४०च्या पानावर घर मालकीचं की भाड्याचं आणि किंमत किंवा भाडं किती, हेही आहे.

शेवटी खरेदीखतं, एकामागून एक, उलट क्रमाने. अनेक जुन्या खतांत एक कलम भेटतं: गोऱ्यांखेरीज कोणाला हे घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निकाल दिला, पण मजकूर दप्तरात राहिला. त्याआधी १९१३च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने, नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घ्यायला बंदी केली होती. १९२३ साली अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूसही त्या अपात्रांत गेला. आज या ओसऱ्यांवर मराठी ऐकू येते, तिथे हे ठाऊक असायलाच हवं. घराचा इतिहास म्हणजे नुसतं सागवान आणि कोरीवकाम नव्हे; कोणाला आत घेतलं नाही तेही त्यात आलं. आपल्या वाड्यांच्या गौरवगाथांत हे पान सहसा नसतं.

कागद हाताशी असला की दुरुस्तीही बदलते. या घरांतल्या वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या घ्या. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोकळ खाचा, त्यांत सुती दोरीला टांगलेली बिडाची वजनं. वरच्या झडपेची दोन वजनं मिळून तिच्यापेक्षा किंचित जड, खालचीची किंचित हलकी. म्हणून वरची वर टेकते आणि खालची खाली बसते. खिडकी अडते ती बहुधा रंगाचे थर साचल्याने किंवा दोरी तुटल्याने. सांध्यातला रंग सुरीने कापायचा, आतली पट्टी काढायची, झडप बाहेर घ्यायची, खाचेचं झाकण उघडून नवी दोरी ओवायची. १९७८च्या आधीच्या घरात रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. एवढं न करता प्लॅस्टिकची दुहेरी काचेची खिडकी बसवली, तर काचांमधलं सील गेल्यावर आत धुकं धरतं आणि पूर्ण काच-संचच बदलावा लागतो. जुन्या झडपेचं लाकूड दाट वर्षकड्यांचं, ते सांध्यासांध्याने दुरुस्त होतं.

पण हे सगळं हौसेवर चालत नाही. कॅलिफोर्नियात १९७२चा मिल्स कायदा आहे. मालक शहराशी किमान दहा वर्षांचा करार करतो, त्यात कामं ठरतात, पाहणी होते आणि बदल्यात मालमत्ता कर कमी होतो. एक मेख आहे. १९७८पासून इथे कराची आकारणी मूळ खरेदी किमतीला धरून आहे, वर्षाला फार तर २ टक्के वाढ. त्यामुळे जुन्या मालकाचा कर आधीच कमी, त्याला कराराचा लाभ थोडा; नव्या खरेदीदाराला भरपूर. कायदा निर्दोष नाही, पण सूट दरवर्षी मिळते आणि दुरुस्तीशी बांधलेली असते.

मुंबईत १९९५च्या वारसा नियमांनी टीडीआरची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची, वाट दाखवली. तो एकदा विकला की संपला. पुढच्या वीस पावसाळ्यांचं काय? पेठांत तर मालकाला नाममात्र भाडं आणि वरून ‘जपा’ असा उपदेश. अशा मालकाने बिल्डरला होकार दिला तर त्याला दोष देणं मला पटत नाही.

माझं मागणं साधं आहे. पाडायची परवानगी देण्याआधी वाड्याची संचिका तयार व्हावी: मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हेचा नकाशा, महापालिकेची जुनी कर आकारणी, खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र. पेशवाईपर्यंत जायचं तर पुण्याच्या दप्तरात पेठांचे घरझाडे, म्हणजे घरोघरच्या जुन्या नोंदी, आहेत, मोडीत. मोडी वाचणारी मुलं दरवर्षी वर्गांतून बाहेर पडतात. त्यांना हे काम मानधनावर द्यावं. आणि वाडा पडलाच, तरी चौकाचं मोजमाप, तुळयांचे सांधे आणि भाडेकरूंची नावं लिहून मगच पहिली कौलं उतरवावीत.