वर कसारा घाट, खाली समृद्धी

14 महिने माझ्या डोक्यावर दोन सवती नांदत होत्या. वरची कुरळी, खालची सरळ. धाकटा भाऊ त्याला ‘वर कसारा घाट, खाली समृद्धी महामार्ग’ म्हणायचा.

मूळ पाप माझंच. मावसबहिणीच्या लग्नाआधी कॉलेज रोडवरच्या एका पार्लरात जाऊन केस ‘कायमचे’ सरळ करून घेतले. 5 तास, 7000 रुपये आणि नाकात ठाण मांडून बसलेला उग्र दर्प. केसातल्या केराटिनचा आकार धरून ठेवणारे गंधकाचे बंध रसायनाने तोडायचे, वरून इस्त्री फिरवायची, आणि दुसऱ्या रसायनाने ते बंध नव्या जागी पक्के करायचे. पुढे 3 दिवस पाण्याचा थेंब नको, रबर नको, केस कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत. महिना जुलै, आणि नाशिकची ती न थांबणारी भुरभुर! हेल्मेटखाली शॉवर कॅप घालून मी सातपूरला कामावर जात होते. सिग्नलवरची पोरं हसायची. हसू देत, लग्नातले फोटो झकास आले.

‘कायमचे’ म्हणजे किती, हे मात्र पार्लरवाल्या ताईंनी सांगितलं नव्हतं. मुळापर्यंत ही वार्ता पोचतच नाही. ते आपलं महिन्याला एक-सव्वा सेंटीमीटर कुरळा केस मुकाट काढत राहतं. मग टचअप. मग पुन्हा टचअप. शेवटी कंगव्यात केसांऐवजी केसांचे तुकडे यायला लागले, तेव्हा म्हटलं, बास. आता येऊ देत जसे यायचे तसे. हिशेब केला: सरळ केस 40 सेंटीमीटर, म्हणजे तीनेक वर्षं.

त्यातही कुरळा आणि सरळ जिथे भेटतात तो सांधा सगळ्यात कच्चा. जरा ओढलं की तिथेच तुटणार. त्यामुळे विंचरणं हा हलक्या हाताने करायचा, अर्ध्या तासाचा विधी झाला. एवढं करून बाहेर पडले की शेजारच्या काकू विचारणार, “आज विंचरायला वेळ नाही झाला का गं?”

कुणीतरी जवसाचं जेल सुचवलं. जवस पाण्यात उकळायचे, गरम असतानाच गाळायचे. (गार झाल्यावर गाळून बघा, म्हणजे पश्चात्ताप कशाला म्हणतात ते कळेल.) आई म्हणाली, “चटणी करायची सोडून हे काय शिजवतेस?” पण चिकटपणा तिने हेरला आणि उरलेल्या जेलची सुती साडीला खळ केली. साडी कडक उभी राहिली. माझे केस नाही.

पिंपळगावचे मामा आले होते. द्राक्षबागेवाला माणूस. त्यांनी माझ्या डोक्याकडे रोगट वेलीकडे बघावं तसं बघितलं.

“अगं, एप्रिलात आम्ही खरड छाटणी करतो. बाग पार बोडकी. तेव्हा कुठे नवी काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तिच्यावर माल धरतो. तू जुनी काडी कशाला सांभाळत बसलीस?”

तसं आमच्या गावात कापण्याचं कुणाला अप्रूप नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथेच कापलं, त्यावरून तर गावाचं नाव पडलं म्हणतात. आणि रामकुंडावर आजही वस्तरे चालू असतात. मलाच धीर होत नव्हता.

शेवटी गेल्या रविवारी बसले. 20 मिनिटं, 200 रुपये. उरलेला केस ताणून धरला तर चांगला 16 सेंटीमीटर, सोडला की टुणकन कानाच्या वर. परतताना रिक्षावाल्याने आरशातून आदराने विचारलं, “तिरुपतीहून का ताई?” घरी आईने एकदा पुढून, एकदा मागून बघितलं आणि म्हणाली, “अगदी सासूबाई.” हे कौतुक नव्हतं. बाबा मात्र खूश झाले.

मामांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, “फुटवा जोरात आहे. विरळणी करू नकोस.”