खुलासा: ‘२५६ एमबी दिसतंय म्हणजे ग्राफिक्स कार्ड बनावट’ हे चूक आहे

सांगली-मिरजेच्या कॉम्प्युटर ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: लिनक्सवर ‘एलएसपीसीआय -व्ही’ (lspci -v, जोडलेल्या भागांची यादी दाखवणारी कमांड) चालवा, ८ जीबीच्या कार्डासमोर ‘साइज=२५६एम’ दिसलं तर दुकानदाराने फसवलं.

तो आकडा कार्डाच्या मेमरीचा नाहीच. प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीत डोकावायला जी खिडकी मिळते, तिचं ते माप आहे. तिचा पत्ता ज्या रजिस्टरमध्ये (कार्डावरच्या छोट्या नोंदखान्यात) असतो, त्यावरून तिला बार (बेस अ‍ॅड्रेस रजिस्टर) म्हणतात. कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होताना त्या रजिस्टरच्या सगळ्या बिटांत एक लिहितो, परत वाचतो आणि जे बिट शून्यच राहतात त्यांवरून खिडकीचा आकार काढतो. जुन्या ३२ बिटी पत्त्यांत जागा अपुरी, म्हणून ती बहुधा २५६ एमबीच ठेवली जाते. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ आणि ‘रिसाइझेबल बार’ चालू केलं, आणि कार्ड व बोर्डाची साथ असली, की तोच आकडा ८ जीबी होतो. कार्ड तेच!

खरी मेमरी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सांगतो. एएमडीच्या कार्डासाठी ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) चालवून ‘व्हीरॅम’ (VRAM, म्हणजे कार्डाची मेमरी) शोधा. ‘रॅम’ आणि ‘बार’ हे दोन आकडे एकाच ओळीत शेजारी-शेजारी दिसतात. एनव्हिडियाच्या कार्डाला त्यांचा ड्रायव्हर टाकून ‘एनव्हिडिया-एसएमआय’ (nvidia-smi) चालवा. त्याआधी ‘एलएसपीसीआय -के’ (lspci -k) मध्ये ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे ना, ते बघा. ती नसेल तर ड्रायव्हरच जोडला गेलेला नाही, मग मेमरी मोजणार कोण?

बनावट कार्डं बाजारात असतात, पण या आकड्यावरून कुणावर आळ घेऊ नका. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.