इमारत डुलते, म्हणून सगळं वाचतं?

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश अधूनमधून डोकं वर काढतो. मजकूर साधारण असा: न्यूझीलंडमध्ये उंच इमारती पायाला जोडतच नाहीत, नुसत्या ठेवतात. भूकंप आला की त्या डुलतात आणि परत जागेवर बसतात. वरच्या मजल्यांवर काही जाणवत नाही, तडाही जात नाही. कितीही मजले चढवा, कुठल्याही जमिनीवर बांधा. आणि आपले बिल्डर हे मुद्दाम दाबून ठेवतात.

यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो खपतो. 1960 च्या चिलीच्या भूकंपात काही सडपातळ, आता पडतील की काय अशा दिसणाऱ्या उंच पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापेक्षा भक्कम दिसणाऱ्या काँक्रीटच्या टाक्यांचं मोठं नुकसान झालं. भूकंप-अभियंते जॉर्ज हाउसनर यांनी 1963 मध्ये यामागचं गणित मांडलं. पायथ्याची एक कड किंचित उचलली गेली की इमारतीला उलथवू पाहणारा जोर तिथेच अडतो, त्यापुढे वाढत नाही. जमीन क्षणाक्षणाला दिशा बदलते, त्यामुळे उलटून पडायला लागणारा सलग रेटा मोठ्या आकाराच्या वस्तूला सहसा मिळत नाही. न्यूझीलंडमधला साउथ रांगितिकेई रेल्वे पूल 1981 मध्ये सुरू झाला तो याच तत्त्वावर: सत्तर मीटरांहून उंच खांब, आणि मोठ्या भूकंपात त्यांचा एकेक पाय बैठकीवरून काही सेंटिमीटर उचलला जाईल अशी मुद्दाम केलेली सोय.

पण ‘नुसत्या ठेवतात’ हे साफ चूक. त्या पुलाच्या पायांतही पोलादी डॅम्पर आहेत, उचललं जाणं ठरावीक मर्यादेत ठेवायला आणि ऊर्जा जिरवायला. इमारतीत शिअर वॉलच्या, म्हणजे आडवे धक्के झेलणाऱ्या भिंतीच्या, पोटातून उभ्या पोस्ट-टेन्शन (आधीच ताणून बसवलेल्या) केबल जातात आणि खाली फाउंडेशनमध्ये घट्ट अडकवलेल्या असतात. भिंतीची एक कड उचलली की केबल ताणली जाते आणि तिला परत खाली ओढते. भिंत आडवी घसरू नये म्हणून अडसर वेगळे, ऊर्जा खायला डॅम्पर वेगळे, टेकणाऱ्या कोपऱ्यातलं काँक्रीट चुरडू नये म्हणून तिथे पोलादी कवच. सगळ्या इमारतीत सर्वांत काटेकोर काम कुठे असेल तर या सांध्यात.

‘वरच्या मजल्यांवर काही जाणवत नाही’ हा दावा सर्वांत घातक, कारण इंजिनिअरही कधीकधी त्याला फसतात. उंच इमारत एकाच तऱ्हेने हलत नाही. पहिल्या प्रकारात ती सगळी एका बाजूला झुकते. दुसऱ्यात वरचा भाग एकीकडे जातो तेव्हा मधला दुसरीकडे. पायथ्याचं डुलणं पहिल्या प्रकाराला वेसण घालतं, दुसऱ्या-तिसऱ्याला फारशी नाही. लवचिक बांबू तळाशी सैल धरून झटका द्या: मूठ सैल असली तरी मधोमध तो पोट काढतोच. म्हणजे पायथ्याशी वाकवणारा जोर अडला, तरी मधल्या मजल्यांवरचा वाकवणारा जोर आणि भिंतीतला आडवा कातरजोर (भिंतीचा एक थर दुसऱ्यावरून सरकवू पाहणारा जोर) भूकंपाच्या तीव्रतेबरोबर वाढत राहतात. चार मजल्यांना हे निभावतं. मजले वाढले की तळाच्या सांध्यावरून काढलेला हिशेब वर तोकडा पडतो. कॅनडात आठमजली स्टील फ्रेमच्या सुमारे 30 टक्के आकाराच्या प्रतिकृतीवर यावर उपाय तपासला गेला. एक डुलणारा सांधा तळाशी, दुसरा वर, शिवाय कातरजोराला वेगळी मर्यादा. ‘कितीही मजले’ हे वाक्य इथेच संपतं.

तडे जात नाहीत? भिंत उचलली की तिला धरलेली स्लॅबची कडही उचलली जाते. तो जोड उभा सरकू शकला नाही, तर स्लॅब फाटतो. जिने, लिफ्टची शाफ्ट, ड्रेनेजचे पाइप, दर्शनी काचा या सगळ्यांना तेवढी हालचाल झेपायला हवी. अमेरिकेत सॅन डिएगोच्या शेक टेबलवर (भूकंपासारख्या हलणाऱ्या प्रयोगाच्या मंचावर) 2023 मध्ये डुलत्या भिंतींची दहामजली लाकडी इमारत हलवून पाहिली, तेव्हा सांगाडा जवळपास शाबूत राहिला. पण तिथे जिने आणि बाहेरचं आवरणही हालचाल सोसतील असे बनवले होते.

‘कुठल्याही जमिनीवर’बद्दल फार बोलायला नको. टेकणारा कोपरा मऊ मातीत रुतला तर इमारत परत सरळ कशी येणार?

राहिले बिल्डर. (त्यांची वकिली करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.) हे तंत्र मुख्यतः भूकंपानंतर इमारत लवकर वापरता यावी म्हणून आहे. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये फेब्रुवारी 2011 च्या भूकंपानंतर न कोसळलेल्या कितीतरी इमारतीही पाडाव्या लागल्या, तिथे त्याची गरज कळते. आपलं दुखणं त्याच्याही आधीच्या पायरीवरचं आहे. 26 जानेवारी 2001 च्या भुजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर होतं, तरी तिथल्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या अनेकांच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, नुसते पार्किंगचे कॉलम. त्यावरचा उपाय कुणी दाबून ठेवलेला नाही. तो आय. एस. 1893 आणि आय. एस. 13920 या भारतीय मानकांमध्ये छापलेला आहे. बिल्डरला जाब विचारायचाच असेल तर कॉलमचं काँक्रीट ओतण्याआधी साइटवर जा आणि बघा: उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांचे हूक 135 अंशांत आत वळवलेत, की नुसते काटकोनात सोडून दिलेत.